जड धातू, विषद्रव्ये आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी (मराठवाडा)

शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल यांसारखे धातू, कीटकनाशके, धान्यावरच्या बुरशीची विषे आणि दगडाची धूळ थोड्या प्रमाणात पण वर्षानुवर्षे शरीरात जात राहिली, की रक्तातल्या व ऊतींमधल्या पांढऱ्या पेशींच्या कामात बिघाड होतो. त्या बिघाडाची ही नोंद आहे. विषबाधा म्हटले की उलट्या, झटके आणि दवाखान्याची धावपळ आठवते. येथे तसे काही घडत नाही. माणूस रोज कामावर जातो; फक्त त्याचा खोकला लांबतो, जखम चिघळते, लस घेऊनही प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने, अँटिबॉडी) पुरेशी तयार होत नाहीत. कुणाच्या अंगावर पुरळ उठते, दमा बळावतो. म्हणून ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ हे वर्णन अपुरे आहे. बहुतेक विषांनी तिची एक बाजू थंडावते आणि दुसरी नको तितकी पेटते.

बिघाड कसा होतो

शिसे, पारा, कॅडमियम हे धातू प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतात. त्यामुळे अनेक विकरे (एन्झाइम) बंद पडतात आणि पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा संपत जातो. शिवाय हे धातू जस्त व कॅल्शियम यांच्या जागा बळकावतात. टी-पेशीला (जंतू ओळखून लक्षात ठेवणारी एक पांढरी पेशी) जंतूची ओळख पटली हा निरोप पेशीच्या आत कॅल्शियममार्फत पोहोचतो, तर टी-पेशी जिथे परिपक्व होतात त्या थायमस ग्रंथीच्या थायम्युलिन या संप्रेरकाला जस्ताशिवाय काम करता येत नाही. चुकीचा धातू त्या जागी बसला की निरोप अर्धवट पोहोचतो, किंवा निरोप नसतानाच पेशी जागी होते.

शिसे

सर्वांत जास्त अभ्यास शिशाचा झालेला आहे. साहाय्यक टी-पेशींचे दोन प्रमुख गट असतात: पहिला गट पेशींत लपलेल्या जंतूंशी लढणाऱ्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींना बळ देतो, दुसरा प्रतिपिंडे आणि अधिहर्षता (ॲलर्जी) यांकडे झुकतो. शिशामुळे पारडे दुसऱ्या गटाकडे कलते. अधिहर्षतेशी निगडित आयजीई प्रकारची प्रतिपिंडे वाढतात, त्वचेवर एक-दोन दिवसांनी उठणारी विलंबित प्रतिक्रिया मंदावते. भक्षक पेशी जंतू मारण्यासाठी लागणारा नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतात, पण दाह वाढवणारी द्रव्ये मात्र जास्त सोडतात. न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी पोहोचायला उशीर करतात. रक्तातल्या शिशाचा अर्धायुकाल (निम्मे कमी होण्याचा काळ) साधारण महिनाभराचा असला, तरी हाडांत ते दशकानुदशके साठून राहते आणि गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम वापरले जाऊ लागले की पुन्हा रक्तात उतरते. आईने लहानपणी घेतलेले शिसे अशा रीतीने गर्भापर्यंत जाते.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, रंगातल्या शिशावर २०१७ पासून दशलक्षात ९० भागांची मर्यादा आली. घरगुती वाटा मात्र उरल्याच आहेत. पारंपरिक शेंदूर हे रासायनिक दृष्ट्या शिशाचे ऑक्साइड आहे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या मारुतीला आणि म्हसोबाला तो तेलात कालवून लावतात. शनिवारी दर्शनाला आलेली आजी त्याच बोटाने नातवाच्या कपाळाला टिळा लावते, आणि पोर ते बोट, मग स्वतःचा हात, तोंडात घालते. मूर्तीला लावलेला शेंदूर कुणाला बाधत नाही. तोंडात गेलेला बाधतो. लहान मुलांच्या आतड्यातून शिसे प्रौढांच्या चार-पाच पट अधिक शोषले जाते, हे लक्षात घेतले तर देवाला शेंदूर आणि मुलाला कुंकू एवढा फरक करणे कठीण नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम, भेसळीची कल्हई आणि शिशाच्या सल्फाइडपासून केलेला सुरमा हे आणखी काही स्रोत. हळदीला तजेला यावा म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला होता. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार हळदीत त्याचा अंशही चालत नाही. वसमत, हिंगोली, नांदेड हा हळदीचा मुलूख असल्याने नियम पाळला जाणे ही येथील शेतकऱ्याच्याही हिताची गोष्ट आहे.

कॅडमियम आणि मिसरी

तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत ओढून घेते. विडी-सिगारेटमधून ते फुप्फुसात जाते. मराठवाड्याच्या खेड्यांत त्याहून वेगळी एक वाट आहे, ती म्हणजे मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर, मग जेवल्यावर, मग शेतातून आल्यावर बोटाने हिरड्यांवर घासायची. भाजल्याने तंबाखूतले जहाल जाते अशी समजूत आहे. धातू जळत नाही. पानातला पाण्याचा व सेंद्रिय भाग उडून गेल्यावर उरलेल्या भुकटीत त्याचे प्रमाण उलट वाढण्याचा संभव असतो. ही सवय बहुतांशी स्त्रियांची, आणि अनेकींना ती दातदुखीवर उपाय म्हणून लहान वयातच लागलेली.

प्राण्यांवरील प्रयोगांत कॅडमियममुळे थायमस आकसते, टी-पेशी स्वतःहून मरतात आणि बाधित पेशींना ठार करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे काम मंदावते. शरीर मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन तयार करून कॅडमियम बांधून ठेवते, पण ते मूत्रपिंडात साठते आणि तिथून निम्मे कमी व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. यात लोहाच्या कमतरतेची भर पडते. आतड्यातला जो वाहक लोह आत घेतो तोच कॅडमियमही आत घेतो. अंगात लोह कमी असेल तर त्या वाहकांची संख्या वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मिसरी आणि रक्तक्षय एकाच बाईच्या वाट्याला येतात, तेव्हा तेवढ्याच तंबाखूतून तिच्या अंगात अधिक धातू जातो. या विषयावर मराठवाड्यात सर्वप्रथम काही करायचे असेल, तर ते येथे करावे.

पारा, आर्सेनिक, निकेल, क्रोमियम

पाऱ्याचा परिणाम उफराटा आहे. आनुवंशिक कल असलेल्या उंदरांना पाऱ्याचे क्षार दिले तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी सरसकट चेतवल्या जातात आणि स्वतःच्याच पेशीकेंद्रकातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऱ्याने सोने वेगळे करणाऱ्या खाणकामगारांमध्येही अशी प्रतिपिंडे जास्त आढळली. नीट न बनवलेली पारदयुक्त रसौषधे वैद्याला न विचारता महिनोन्‌महिने घेणे म्हणूनच धोक्याचे. आर्सेनिकाने टी-पेशींची वाढ खुंटते. बांगलादेशात गर्भावस्थेत आर्सेनिकयुक्त पाण्याचा संपर्क आलेल्या बालकांचे थायमस लहान आढळले. भूजलातल्या आर्सेनिकाचे मोठे संकट गंगेच्या गाळाच्या प्रदेशातले आहे, मराठवाड्याच्या काळ्या कातळाचे नाही. येथे आर्सेनिकाचा विचार करायचा तो परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेबाबत, कारण कोळसा जळाल्यावर त्यातले धातू राखेत एकवटतात.

निकेल थेट फसवणूक करते. जिवाणू ओळखण्यासाठी पेशीवर असलेल्या टीएलआर-४ या ग्राहकाला माणसात निकेल स्वतःच चिकटते, आणि जंतू नसताना जंतू आल्याचा इशारा जातो. जत्रेतल्या खोट्या कानातल्यांनी पाळ्या चिघळतात त्या यामुळे. गवंड्यांच्या हातांना सिमेंटने पडणाऱ्या भेगा व खाज यांमागे बऱ्याचदा सहासंयुजी क्रोमियम असते. एकदा टी-पेशींनी ते लक्षात ठेवले की पुढे अगदी थोडे सिमेंटही पुरते.

भट्टी, खडी आणि फवारणी

जालन्यात भंगार वितळवून सळ्या बनवणाऱ्या भट्ट्या आहेत. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असला की जस्ताची वाफ उठते. ती हुंगल्यावर काही तासांनी न्यूट्रोफिल फुप्फुसात गर्दी करतात. कामगाराला थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, आणि एक-दोन दिवसांत सगळे उतरते. मलेरिया समजून गोळ्या दिल्या जातात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला हा ताप हटकून येतो, ही त्याची खूण. धातूच्या धुराने न्यूमोनियाचा धोकाही वाढतो. ब्रिटनमध्ये वेल्डरना न्यूमोकोकसची लस देण्याची शिफारस त्याच कारणाने आहे.

खडी क्रशरवरची सिलिका (दगडाच्या धुळीतला कठीण घटक) धातू नाही, पण तिचे काम त्याहून क्रूर. भक्षक पेशी तिचा कण गिळते, पचवू शकत नाही, फुटते. तोच कण पुढची पेशी गिळते. फुप्फुसात असा सतत दाह धुमसत राहिला की सिलिकोसिस होतो, आणि क्षयाच्या जंतूला अडवणाऱ्या पेशीच नाकाम झाल्याने क्षयाचा धोका कैक पटींनी वाढतो.

कपाशीवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतात. हे विकर लिम्फोसाइट पेशींतही (टी-पेशी, बी-पेशी व मारक पेशी यांत) असते. शिवाय मारक पेशींची शस्त्रे असलेली ग्रँझाइम विकरे त्याच रासायनिक घराण्यातली आहेत. येथील बराचसा पुरावा प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे, त्यामुळे शिशाइतक्या खात्रीने बोलता येत नाही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचे तसे नाही. ओल धरलेल्या शेंगदाण्यात, मक्यात, सरकीच्या पेंडीत ते असते. असे खाद्य खाल्लेल्या कोंबड्यांवर लशीचा परिणाम पुरेसा होत नाही, आणि पेंड खाणाऱ्या जनावराच्या दुधात त्याचेच एम-१ हे रूप उतरते.

पाणी

दुष्काळागणिक बोअर खोल जातात, आणि किनवटसारख्या भागांत भूजलातल्या फ्लोराइडने दात व हाडे बिघडतात. फ्लोराइडने न्यूट्रोफिल चेतवले जातात हे परीक्षानळीत दिसते, पण तिथली मात्रा पिण्याच्या पाण्यातल्या मात्रेहून खूप मोठी असते. तेव्हा दात-हाडांच्या या बिघाडाला, म्हणजे फ्लोरोसिसला, प्रतिकारशक्तीचा आजार म्हणू नये. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमच्या आत हवा. उकळल्याने किंवा तुरटी फिरवल्याने जंतू व गढूळपणा यांवर उपाय होतो, विरघळलेल्या धातूंवर भरवशाचा उपाय होत नाही.

निदान व उपचार

नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या कळते, त्यांचे काम कळत नाही. अहवाल ‘नॉर्मल’ येऊनही बिघाड असू शकतो. रक्तातले शिसे वेगळ्या चाचणीने मोजावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास स्रोत शोधून तोडावा, आणि लहान मुलांत ४५ किंवा अधिक असल्यास धातू बांधून बाहेर काढणारी औषधे द्यावीत. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, कारण त्यांच्याबरोबर जस्तासारखी गरजेची खनिजेही निघून जातात. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्यांनी हाडातले शिसे हलत नाही. आहारात लोह, कॅल्शियम, जस्त पुरेसे असतील तर शिसे व कॅडमियम कमी शोषले जातात. बाजरी, तीळ, हरभरा, पालेभाज्या, दूध यांचा उपयोग तेवढ्यापुरता आहे आणि तो खरा आहे. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम मात्र सुरक्षितपणे काढून टाकील असे औषध आजही नाही. मिसरीची डबी जितक्या लवकर बंद होईल तितके ते कमी साठते.