आधी अवघड, मग सोपं : प्रश्नसंचाच्या रचनेची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या शाळा-कॉलेजांच्या प्रश्नमंजुषेत ओळखीचं दृश्य असं : संघ ओळीने बसलेले, पहिला प्रश्न 'अ' संघाला, दुसरा 'ब'ला, उत्तर आलं नाही की 'पास'. 'ड'च्या वाट्याला नेमका अवघड प्रश्न आला, तर वर्षभर वाचलेली मुलं हिरमुसून बसतात. याला नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही. संच नीट बांधला तर हे टळतं.

ही बांधणी आली अमेरिकेतून. १९५३ मध्ये तिथल्या रेडिओवर डॉन रीड यांचा 'कॉलेज बोल' सुरू झाला. एक प्रश्न दोन्ही संघांना खुला, तो ज्याने जिंकला त्याला बोनस, म्हणजे फक्त त्याच संघासाठीचा जादा प्रश्न. १९६२ पासून ब्रिटनच्या टीव्हीवर 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' याच धर्तीवर आला. आपल्याकडे १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी खुली क्विझ घेतली, १९७२ मध्ये 'बोर्नव्हिटा क्विझ' रेडिओवर आली, १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम'.

पण एका ओळीचा प्रश्न आणि बझर एवढंच ठेवलं, तर ज्ञानापेक्षा बोटाचा वेग जिंकतो. म्हणून अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांनी प्रश्न लांबवला. उत्तराकडे नेणारी सर्वांत अवघड खूण आधी, सोपी शेवटी. वाचन चालू असतानाच बझर दाबायचा. ज्याला जास्त माहीत, तो आधी दाबणार. एका सामन्याच्या संचाला तिथे 'पॅकेट' म्हणतात : साधारण वीस खुले प्रश्न आणि वीस बोनस, प्रत्येक बोनसचे तीन भाग. विषयांचा वाटाही आधीच ठरलेला. विसांपैकी साहित्य, इतिहास आणि विज्ञानाला बहुधा चार-चार प्रश्न, उरलेल्यांत कला, धर्म, तत्त्वज्ञान, भूगोल वगैरे. काही स्पर्धांत भाग घेणारे संघच पॅकेट लिहून पाठवतात, संपादक ती तपासून एकसारखी करतात आणि स्वतःच्या पॅकेटवर कुणाला खेळू देत नाहीत.

आता डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर प्रश्न करायचा आहे असं समजा. बाहेरगावच्या संचात खुणांचा क्रम असा लागेल : चीनमधल्या बेथून शांतता रुग्णालयाचे प्रमुख, पत्नी गुओ छिंगलान, १९३८ मध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले एक. जन्मगाव सोलापूर ही खूण कुठेतरी मधे, कारण तिकडे ती फारशी कुणाला ठाऊक नसते. इथे मात्र भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून रोज शाळेत जाणारं पोर 'सोलापूर' आणि 'डॉक्टर' हे दोन शब्द कानावर पडताच बझर दाबेल. पुण्याहून किंवा मुंबईहून मागवलेला संच आपल्याकडे जसाच्या तसा वाचला, तर अर्धा प्रश्न न वाचताच संपतो. म्हणून आपल्या संचात हीच खूण अगदी शेवटच्या ओळीत न्यावी लागते, आणि सुरुवात करावी लागते ती रुग्णालयापासून.