कॅनडातली बालगरिबी आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं

कॅनडातल्या २०२२ च्या बालगरिबीचे दोन आकडे फिरत असतात. सरकारी आकडा ९.९ टक्के. विवरणपत्रांवरून काढलेला १८.१ टक्के, म्हणजे जवळपास १४ लाख मुलं.

प्राप्तिकराच्या कागदपत्रांत गरिबांचा पत्ता लागेल असं सहसा वाटत नाही. १९४५ पासून मुलांसाठी आईच्या नावाने मिळणाऱ्या भत्त्यासाठी विवरणपत्र भरावं लागत नव्हतं. १९७८ मध्ये मुलांसाठी परताव्याच्या रूपात मिळणारी करसवलत आली. तेव्हापासून कमाई शून्य असलेली आईसुद्धा पैसे मिळावेत म्हणून विवरणपत्र भरू लागली. १९९३ चा बाल करलाभ आणि २०१६ चा बाल भत्ता याच वाटेने आले. मुलं स्वतः विवरणपत्र भरत नाहीत. त्यांना भत्त्याच्या आणि जन्माच्या नोंदींवरून आईवडिलांशी जोडलं जातं.

२४ नोव्हेंबर १९८९ रोजी संसदेने २००० सालापर्यंत बालगरिबी संपवण्याचा ठराव एकमताने केला. गरीब कोणाला म्हणायचं, हे मात्र ठरवलं नाही. २००० साल आलं आणि गेलं, गरिबी राहिली आणि मोजमापाचा वादही राहिला.

२०१८ मध्ये सरकारने पहिल्यांदा अधिकृत दारिद्र्यरेषा निवडली आणि २०१९ मध्ये तिला कायद्याचा आधार दिला. अन्न, कपडे, घर, प्रवास आणि इतर गरजा अशा ठरावीक गोष्टींचा खर्च काढायचा आणि तो ज्यांना झेपत नाही त्यांना गरीब धरायचं. विवरणपत्रांवरची रेषा वेगळी आहे. तिथे कर वजा जाता कुटुंबाचं उत्पन्न माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात (चौघांचं कुटुंब असेल तर दोनाने) आणि जे देशाच्या मध्यकाच्या (ज्या उत्पन्नाच्या वर निम्मे आणि खाली निम्मे लोक असतात त्याच्या) निम्म्याखाली येतात ते गरीब. पहिली रेषा विचारते की गरजा भागतात का. दुसरी विचारते की मूल इतरांच्या किती मागे पडलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि आकड्यांतली बरीच तफावत इथूनच येते.

आक्षेप आहे तो अधिकृत आकडा ज्या पाहणीतून येतो तिच्यावर. ती नमुना पाहणी आहे, आणि मूळनिवासींच्या राखीव वस्त्या तिच्यात नाहीत. तिथली लोकसंख्या पाहता एकूण टक्केवारी त्यामुळे फारशी हलणार नाही. पण देशातली सगळ्यांत खोल बालगरिबी ज्या वस्त्यांत आहे, त्याच वगळून काढलेला आकडा प्रगतीचा पुरावा म्हणून पुढे करणं पटत नाही. विवरणपत्रांत त्या वस्त्या येतात. शिवाय पिनकोडपर्यंत उतरून कोणत्या भागात किती मुलं गरीब आहेत ते पाहता येतं. स्थानिक संस्था दर वर्षी याच माहितीवर अहवाल काढतात.

२०२० मध्ये कोविडमुळे काम गेलेल्यांना महिना २,००० डॉलर मिळाले आणि त्या वर्षी दोन्ही आकडे खाली आले. ती मदत थांबल्यावर विवरणपत्रांचा आकडा १३.५ वरून १५.६ आणि पुढच्या वर्षी १८.१ टक्क्यांवर गेला. अधिकृत आकडा ४.७ वरून ६.४ आणि मग ९.९ वर. पातळीवरून कितीही वाद असला तरी दिशा एकच होती.

विवरणपत्रांतूनही काही मुलं निसटतात. पालकांनी विवरणपत्रच भरलं नाही तर घराला भत्ता मिळत नाही आणि त्या घरातली गरिबी मोजायला हाताशी पुरती नोंद उरत नाही. आश्रयाचा अर्ज निकालात न निघालेल्या कुटुंबांना तर बाल भत्त्याचा हक्कच नाही.