बेघर मद्यपींसाठी साहाय्यसेवा

रस्त्यावर राहणाऱ्या आणि दारूच्या आहारी गेलेल्या व्यक्तीला निवारा, व्यसनोपचार व पुनर्वसन मिळवून देणाऱ्या सरकारी आणि स्वयंसेवी व्यवस्थांना स्थूलमानाने ही संज्ञा लावता येते. भारतात अशी एकसंध यंत्रणा नाही. निवारा नागरी प्रशासनाकडे आणि व्यसनमुक्ती सामाजिक न्याय व आरोग्य खात्यांकडे असल्याने या दोन दारांमधले अंतर त्या माणसालाच कापावे लागते.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७३ लाख बेघर नोंदले गेले. रस्त्याकडेला, पुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा सिमेंटच्या मोठ्या नळांत राहणारे लोक त्यात धरले जातात. त्यांची गणती एका रात्रीत उरकली जात असल्याने हा आकडा कमीच समजावा. आधी दारू की आधी बेघरपणा, याला एकच उत्तर नाही. काहींचे घर दारूपायी सुटते, तर नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर किंवा बाजारातला हमाल अंगदुखी, थंडी आणि डासांमुळे न येणारी झोप यांवर उतारा म्हणून देशी जवळ करतो.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल असे, वर्षभर चोवीस तास उघडे राहणारे निवारे अपेक्षित धरले होते. तेथे अंथरूण-पांघरूण, शौचालय आणि सामान ठेवण्याची जागा मिळते. प्यालेल्या माणसाला मात्र इतरांच्या त्रासाचे कारण सांगून बहुधा दारातूनच परत पाठवले जाते. दुसरीकडे अनेक व्यसनमुक्ती केंद्रे दाखल करून घेताना ओळखपत्र आणि सोबत नातेवाईक मागतात, आणि नेमक्या याच दोन गोष्टी बेघराकडे नसतात.

दारू एकाएकी सोडणे धोक्याचे असते, हे निवाऱ्यातील कर्मचाऱ्यांना ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत घाम, मळमळ आणि हातांचा कंप सुरू होतो. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरूनही ओठांपर्यंत जाईतो निम्मा सांडतो. पुढील दोन-तीन दिवसांत काहींना फिट येते, तर काहींना भलतेच दिसू लागून भ्रम होतो. या अवस्थेत उपदेश कामाचा नाही, दवाखाना गाठावा लागतो. तेथे नियंत्रित मात्रेत शामक औषधे आणि उपासमारीने शरीरात उणे पडलेले ‘ब-१’ जीवनसत्त्व देतात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्यसेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आहे. त्यानुसार बेघर व्यक्तीला सरकारी वा सरकारी अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचारांचा हक्क आहे आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. निर्णय घेण्याची क्षमता असलेली प्रौढ व्यक्ती स्वतःच्या विनंतीवरून दाखल होऊ शकते. नातेवाईकाची अट म्हणजे पुष्कळदा कायद्याची नव्हे, तर संस्थेची सोय असते.

महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने समुपदेशन, समूहोपचार आणि कुटुंबाचा सहभाग यांचा पायंडा पाडला. कुटुंबच नसलेल्याच्या बाबतीत ती जागा निवाऱ्यातील कार्यकर्ता किंवा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदत संघटनेचा गट काही प्रमाणात भरून काढतो. या गटाच्या सभांना शुल्क नसते आणि नाव-गाव सांगण्याची सक्तीही नसते. ‘फक्त आजचा दिवस’ हे तिथले सूत्र रोजंदारीवर जगणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

उपचार संपल्यावर माणूस त्याच फुटपाथवर परतला, तर पिणे पुन्हा सुरू होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून दारू सोडण्याची अट न घालता आधी कायमचे घर देण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकात आणि पुढे फिनलंडमध्ये रुजली. भारतात तूर्त निवाऱ्यातील खाट, तिच्या पत्त्यावर काढलेले आधारकार्ड आणि एखादे नियमित काम एवढीच शिडी उपलब्ध आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीविषयक मोफत मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे; स्वतःचा फोन नसलेल्याच्या वतीने कोणीही तेथे विचारणा करू शकतो.