टाइम-वेट आणि क्लोज-वेट: वाट नक्की कोणाची?

सर्व्हर रेंगाळायला लागला की हात आपोआप टर्मिनलकडे जातो आणि ‘एसएस’ टाइप होतं, म्हणजे मशीनवरची नेटवर्क कनेक्शनं आणि त्यांची अवस्था दाखवणारी लिनक्सची कमांड. जुन्या सवयीचे लोक ‘नेटस्टॅट’ चालवतात. पडद्यावर शेकडो ओळी धावतात, त्यातल्या कितीतरी ओळींत ‘वेट’ हा शब्द असतो, आणि निष्कर्ष तयार होतो: कनेक्शनं अडकलीत. पण या ‘वेट’च्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. टाइम-वेटच्या हजार ओळी दिसल्या तरी बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. क्लोज-वेटच्या वीस ओळी दिसल्या आणि तासाभराने त्या चाळीस झाल्या, तर मात्र कोड उघडायची वेळ आलेली असते.

टीसीपी, म्हणजे दोन मशीनांमध्ये डेटा खात्रीने पोचवणारा नेटवर्कचा नियमसंच. त्याचं कनेक्शन एका झटक्यात बंद होत नाही. दोन्ही बाजू आपापली दिशा वेगळी बंद करतात. ‘माझं पाठवून झालं’ असं सांगणारं पॅकेट म्हणजे फिन, आणि त्याची पोच म्हणजे अ‍ॅक. जी बाजू आधी फिन पाठवते, ती शेवटी टाइम-वेटमध्ये जाते. जिला समोरून फिन आलं पण जिने स्वतःचं अजून पाठवलेलं नाही, ती क्लोज-वेटमध्ये बसते. म्हणजे आपल्या मशीनवर टाइम-वेट दिसलं तर फोन आधी आपण ठेवला. क्लोज-वेट दिसलं तर समोरच्याने ठेवला आणि आपण अजून रिसीव्हर कानाला लावून आहोत.

टाइम-वेट हे कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम आहे. आपण पाठवलेली शेवटची पोच वाटेत हरवली, तर समोरचा पुन्हा फिन पाठवेल आणि त्याला उत्तर द्यायला कोणीतरी हवं. शिवाय जुन्या कनेक्शनचं रेंगाळलेलं पॅकेट त्याच पोर्टांवरच्या (पोर्ट म्हणजे कनेक्शनच्या टोकाचा क्रमांक) नव्या कनेक्शनमध्ये घुसता कामा नये. १९८१ च्या आरएफसी ७९३ ने, म्हणजे टीसीपीच्या मूळ प्रमाण दस्तऐवजाने, पॅकेटचं कमाल आयुष्य २ मिनिटं धरलं आणि वाट पाहायची त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटं. लिनक्स ६० सेकंदच थांबतं, आणि हा आकडा कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेला आहे.

इथे एक जुना सल्ला अजून फिरत असतो: ‘टीसीपी-फिन-टाइमआउट’ कमी करा, टाइम-वेट कमी होतील. होत नाहीत. ते सेटिंग फिन-वेट-२ या वेगळ्याच अवस्थेसाठी आहे: आपल्या फिनची पोच आली, पण समोरचं फिन अजून यायचंय. त्याचंही डीफॉल्ट मूल्य ६० असल्यामुळे घोटाळा होतो. ‘टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल’ हे दुसरं सेटिंग तर त्याहून वाईट. एकाच नॅटमागून (अनेक मशीनांना बाहेर एकच आयपी देणारी व्यवस्था) येणाऱ्या अनेक मशीनांची कनेक्शनं ते गुपचूप टाकून द्यायचं. लिनक्स ४.१२ मध्ये ते काढूनच टाकलं, बरं झालं.

टाइम-वेटचा खरा त्रास एकाच ठिकाणी होतो. आपला प्रोग्राम एकाच आयपीच्या एकाच पोर्टकडे सतत नवी कनेक्शनं उघडून लगेच बंद करत असेल, तर आपल्या बाजूचे पोर्ट संपतात. लिनक्समध्ये डीफॉल्ट रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२ पोर्ट. प्रत्येक पोर्ट ६० सेकंद अडकणार, म्हणजे सेकंदाला साधारण ४७० कनेक्शनांनंतर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ ही एरर यायला लागते. उपाय सेटिंगमध्ये शोधण्याआधी कनेक्शन पुन्हा वापरा, उघड्या कनेक्शनांचा साठा, म्हणजे पूल ठेवा.

क्लोज-वेटची गोष्ट वेगळी. इथे कर्नलने आपलं काम केलेलं असतं: फिन घेतलं, पोच दिली. आता आपल्या प्रोग्रामने ‘क्लोज’ म्हणायचं बाकी आहे, आणि त्यासाठी टीसीपीत कुठलाही टायमर नाही. प्रोग्राम तीन दिवस विसरला तर ओळ तीन दिवस तशीच राहणार. प्रत्येक ओळ एक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलला किंवा कनेक्शनला प्रोग्राममध्ये मिळालेला नंबर, धरून बसते. मर्यादा १०२४ ची असेल तर एके दिवशी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही एरर ठरलेलीच. रिस्टार्ट केलं की सगळं साफ होतं, कारण प्रोसेस मेली की तिचे डिस्क्रिप्टर कर्नल बंद करतं. म्हणूनच हा बग महिनोन्महिने रिस्टार्टवर तग धरतो.

‘एसएस’ला टी, ए, एन, ओ, पी हे पर्याय देऊन सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवा आणि दोन्ही प्रकारच्या ओळी शेजारी ठेवून बघा. टाइम-वेटच्या ओळीत टायमर दिसतो, उरलेले सेकंद दिसतात, पण प्रोसेसचं नाव नसतं. ते सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, आता कुठल्याच प्रोग्रामचं नाही. क्लोज-वेटच्या ओळीत प्रोसेसचं नाव, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि डिस्क्रिप्टरचा नंबर असतो. आरोपी नावानिशी समोर.

त्याच ओळीतला रिसीव्ह-क्यूचा, म्हणजे आलेल्या पण प्रोग्रामने अजून न वाचलेल्या बाइट्सचा आकडाही बघा, सहसा कोणी बघत नाही. फिन एका बाइटएवढं मोजलं जातं. तिथे १ असेल तर समोरचा गेल्याचं प्रोग्रामने वाचलेलंसुद्धा नाही: थ्रेड दुसरीकडे अडकलाय किंवा कनेक्शन कुठेतरी विसरलंय. ० असेल तर वाचलं, पण क्लोज केलं नाही. (पूलमध्ये पडून असलेली चार-दोन कनेक्शनं अशी दिसतातच, आकडा वाढत नसेल तर सोडून द्या.)

मी स्वतः एकदा अर्धी रात्र टाइम-वेटच्या अकरा हजार ओळींमागे घालवली. खाली तीनशे क्लोज-वेट होत्या, सगळ्यांत रिसीव्ह-क्यू १. समोरून ५०० चा स्टेटस (समोरच्या सर्व्हरमध्ये बिघाड) आला की आमचं फंक्शन तिथूनच परतायचं, आणि रिस्पॉन्स बंद करायची ओळ त्याच्या दोन ओळी खाली होती.