वारेपलीकडे काय पोचतं? आईचा ताण आणि पोटातलं बाळ

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांत गरोदर बायाही असतात. ‘टेन्शन घेऊ नको, बाळाला लागतं’ हे वाक्य त्यांनाही ऐकवलं जातं आणि नाशिक शहरातल्या नोकरदार मुलीलाही. त्यात तथ्य किती, याचा शोध बराच लांबचा आहे.

१९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करताना पाहिलं, की थंडी असो, जखम असो की विषारी द्रव्य, शरीराचा प्रतिसाद साधारण एकाच साच्याचा असतो आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात. या ग्रंथींतल्या संप्रेरकांवरच्या (हार्मोन्सवरच्या) कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं. त्यांतलं, ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे आपल्या विषयातलं मुख्य पात्र.

पण गर्भाच्या बाबतीत ते आधी शत्रू म्हणून समोर आलं नाही. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूती कशाने सुरू होते, हा त्यांचा प्रश्न. पोटातल्या कोकरांना त्यांनी कॉर्टिसॉलसारखं औषध दिलं. ती दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मली, तरी त्यांची फुप्फुसं हवेनं फुगली. त्यातूनच १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांची चाचणी प्रसिद्ध झाली: अकाली बाळंतपणाची भीती असलेल्या आईला अशाच औषधाचं इंजेक्शन दिलं, तर बाळाचा श्वास वाचतो. भारतात २०१४ मध्ये केंद्र सरकारने डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या औषधाच्या इंजेक्शनाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे हे संप्रेरक बाळाला हवंच असतं. प्रश्न कधी आणि किती, हा आहे.

ते मोजूनमापून देण्याचं काम वार, म्हणजे आई आणि बाळाला जोडणारी प्लॅसेंटा, करते. वारेत एक विकर (एन्झाइम) असतं, आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराच भाग ते निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलून टाकतं. दिवस भरत येतात तसं आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल एरवीच्या दुपटी-तिपटीवर जातं, तरी बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या साधारण दहावा भाग राहतं. तिथे जादा कॉर्टिसॉल नकोच असतं. डेक्सामेथासोनला हे विकर फारसं अडवू शकत नाही, म्हणून ते इंजेक्शन काम करतं.

पण चाळणीतून थोडं निसटतंच. १९९८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की आईची पातळी जास्त असेल तर गर्भाचीही जास्त आढळते. १९९३ मध्ये एडिंबरामध्ये जोनाथन सेकल आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना डेक्सामेथासोन दिलं होतं. पिल्लं कमी वजनाची झाली आणि मोठेपणी त्यांचा रक्तदाब वाढला. ॲड्रेनलीन हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र वारेतून फारसं पार होत नाही.

वार नुसती पहारेकरी नाही, ती स्वतःही संप्रेरकं बनवते. त्यांतलं सीआरएच, म्हणजे शरीराला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक, आईकडेही जातं, बाळाकडेही. मेंदूत कॉर्टिसॉल सीआरएचला आवर घालतं; वारेत उलट ते वाढवतं. सीआरएच लवकर चढलं, तर त्याचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळतो.

एक धागा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन वारेतल्या याच विकराला रोखतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीनं खातात. ज्या आयांनी गरोदरपणी त्या भरपूर खाल्ल्या, त्यांच्या आठ वर्षांच्या मुलांचे बौद्धिक चाचण्यांतले गुण कमी भरले, असा अभ्यास २००९ मध्ये आला. एका अभ्यासावरून घाबरायचं कारण नाही, पण गरोदर सुनेला रोज ज्येष्ठमधाचा काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

या इतिहासात मला एक गोष्ट ठळक दिसते: रोजच्या चिडचिडीतून, एखाद्या भांडणातून बाळ बिघडतं, असं कुणीच दाखवलेलं नाही. चिंता आहे ती महिनोन्‌महिने न हटणाऱ्या ओझ्याची, आणि ते ओझं ‘टेन्शन घेऊ नको’ म्हटल्याने उतरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहतात. रात्री झोप लागते का, घरात कुणी हात उगारतं का, घेतलेली उचल फिटली का, हेही त्याच टेबलावर विचारलं जावं.