चलनचिन्हे व विशेष अक्षरांचे टंकलेखन

संगणकाच्या कळफलकावर सहसा छापलेली नसतात अशी चिन्हे (₹, €, £, ¥, ©, ° इत्यादी) मजकुरात उमटवण्याच्या पद्धती. कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही. कोणती कळ दाबली गेली, एवढाच संकेत जातो. त्याचे कोणते अक्षर करायचे हे निवडलेला कीबोर्ड लेआउट ठरवतो. शिफ्ट धरून ३ दाबल्यास अमेरिकी लेआउटमध्ये # उमटते, तर ब्रिटिश लेआउटमध्ये £. भलतेच चिन्ह उमटत असेल तर कळफलक बिघडला असे समजण्याआधी लेआउट तपासावा.

डॉलरचे चिन्ह जवळपास सगळीकडे सहज मिळते, याचे कारण इतिहासात आहे. संगणकात कोणते अक्षर कोणत्या क्रमांकाने साठवायचे हे ठरवणाऱ्या आस्की या सात बिटांच्या (म्हणजे फक्त १२८ जागांच्या) मानकात, १९६३ मध्ये अमेरिकेत ते ठरले तेव्हा, $ ला जागा मिळाली. £ आणि ¥ ला मिळाली नाही. मग इतर देशांनी एखादे चिन्ह हटवून तिथे आपले बसवले. जपानी मानकात उलट्या तिरक्या रेघेच्या (\) जागी ¥ आले. म्हणूनच जपानी विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्यात दोन फोल्डरांची नावे वेगळी करणाऱ्या त्या रेघेच्या जागी आजही ¥ दिसू शकते. युनिकोड या जगभरच्या लिपींसाठीच्या सामाईक मानकाने प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देऊन ही ओढाताण संपवली. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झाले.

विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ लेआउट निवडून उजवी ऑल्ट कळ व ४ दाबल्यास ₹ मिळते. जुनी पद्धत म्हणजे ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या अंकपट्टीवर क्रमांक टाकणे: ०१२८ ला €, ०१६३ ला £. यातले सुरुवातीचे शून्य गाळून चालत नाही. शून्य असेल तर विंडोजची संकेतसारणी (कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर याचा तक्ता) वापरली जाते, नसेल तर विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळातली. त्यामुळे नुसते १६३ टाकल्यावर पौंडाऐवजी वर तिरकी खूण असलेले रोमन यू उमटते. वर्डमध्ये युनिकोड क्रमांक (₹ साठी २०बी९, रोमन अक्षर-अंकांत) लिहून लगेच ऑल्ट व एक्स दाबता येते. मॅकवर अमेरिकी लेआउटमध्ये ऑप्शन व ३ ने £, तर ऑप्शन, शिफ्ट व २ ने € येते. लिनक्समध्ये एखादी कळ कंपोज कळ (पुढच्या कळा जोडून एक चिन्ह बनवणारी) म्हणून नेमून दिली की तिच्यामागून = आणि ई दाबल्यास € मिळते; चिन्हाच्या आकारावरूनच क्रम आठवतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. एखादे चिन्ह रोज लागत असेल तर आकडे पाठ करण्यापेक्षा योग्य लेआउट बसवणेच श्रेयस्कर.

चिन्हाच्या जागी रिकामी चौकट दिसली, तर बहुधा टंकन बरोबर असते, पण फॉन्टमध्ये त्या चिन्हाची आकृती नसते. शिवाय ¥ हे येन व युआन दोघांचेही चिन्ह आहे, आणि $ अनेक देशांचे. त्यामुळे करारात किंवा आंतरराष्ट्रीय बिलात आयएसओ ४२१७ मानकातील तीन अक्षरी संकेत (आयएनआर, जेपीवाय, सीएनवाय) लिहिणे अधिक सुरक्षित. त्यासाठी साधी रोमन अक्षरे पुरतात.