पार्किंगमध्ये गाडी घासली, तर गॅरेजला येण्याआधी हे वाचा

आमच्याकडे डेंटिंग-पेंटिंगला येणाऱ्या कितीतरी गाड्यांना दुसऱ्या कुणी ठोकलेलं नसतं. लालबाग-परळच्या नव्या टॉवरमधले खांब, पोडियमवर चढणारा वळणाचा रॅम्प, जुन्या चाळीचं अरुंद गेट, सोसायटीने मध्येच आणून ठेवलेली सिमेंटची कुंडी, हेच नेहमीचे. ग्राहक उतरतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "माझ्याच हातून लागली हो." मुंबईत जेवढ्या जागेत गाडी लावावी लागते, ते पाहता यात मान खाली घालण्यासारखं काहीच नाही. फक्त त्या क्षणी घाई करू नका.

खांबाजवळ वळताना पुढचा भाग सुखरूप निघतो, पण मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून वळतं, म्हणून मागचा दरवाजा खांबाला लागतो. "कर्रर्र" ऐकू आलं की बहुतेक जण "आता निघेलच" म्हणून गाडी आणखी दोन फूट पुढे घेतात. मग दरवाज्याचा ओरखडा चाकावरच्या पत्र्यापर्यंत ओढला जातो. दरवाजा बोल्ट काढून सोडवता येतो, तो मागचा पत्रा मात्र बॉडीला वेल्डिंग केलेला असतो. तो फार चेपला, तर कापूनच बदलावा लागतो. म्हणून आवाज आला की ब्रेक दाबा, स्टिअरिंग आहे तसंच धरा आणि गाडी आली त्याच वाटेने हळू मागे घ्या. वॉचमनला किंवा सोबत असेल त्याला बाजूला उभं करून बघायला सांगा.

आता ओरखडा बघा. त्यावर थोडं पाणी लावा. दिसेनासा झाला, तर तो वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, रबिंग-पॉलिशने जातो. नख अडकलं, तर खोल आहे, रंग लागेल. आणि आत चकचकीत पत्रा दिसत असेल, तर थांबू नका. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे, त्यात पावसाळा. उघड्या पत्र्यावर बघता बघता तांबूस डाग येतो, गंज रंगाखाली पसरतो आणि पुढच्या वर्षी तिथे फुगे दिसतात. लगेच येणं जमत नसेल, तर जागा पुसून पूर्ण कोरडी करा आणि टच-अपच्या रंगाचा एक हात लावून ठेवा. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. त्याचा ओरखडा दिवाळीपर्यंत थांबला तरी चालेल, हे आम्ही धंदा बाजूला ठेवून सांगतो.

फुटपाथच्या कडेला चाक घासलं असेल, तर टायरची बाजू हाताने चाचपा. फुगा आलेला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. अशी गाडी हायवेवर मुळीच नेऊ नका.

आता विम्याच्या क्लेमचं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, त्यासाठी ओन डॅमेज लागतं. ते असलं तरी आधी हिशोब करा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये तुमचे जातात, त्यावरच्या कारला २,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल, तर प्लास्टिकच्या भागांच्या किमतीत ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे नव्या बंपरची निम्मी किंमत तुमच्याच खिशातून.

खरा फटका एनसीबीला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीला (नो क्लेम बोनस) बसतो. समजा, ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० आहे आणि तुमचा एनसीबी ५० टक्क्यांवर आहे. म्हणजे तुम्ही ६,००० भरता. एक क्लेम केलात की पुढच्या वर्षी एनसीबी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ टक्के असा पुन्हा चढायचा. प्रीमियम तेवढाच धरला, तर पाच वर्षांत मिळून १५,००० रुपये जास्त जातात. तीन-चार हजारांच्या कामासाठी हे करू नका. क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट घेतलं असेल, तर गोष्ट वेगळी, पॉलिसी घेऊन या, आपण बसून बघू. क्लेम करायचाच असेल, तर काम सुरू होण्याआधी कंपनीला कळवा. गाडी खोलल्यावर नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर काय बघणार?

स्वतःच्या कारने स्वतःचीच स्कूटर पाडली, असंही होतं. कारच्या थर्ड पार्टीत स्कूटरचे पैसे मिळत नाहीत, कारण तीही तुमचीच. स्कूटरला ओन डॅमेज असेल, तर तिचा क्लेम वेगळा.

एक विनंती. "गेल्या वर्षीचा पोचाही याच क्लेममध्ये बसवा," असं काही जण म्हणतात. ते आम्ही करत नाही. जुन्या ओरखड्यात धूळ आणि गंज बसलेला असतो, सर्व्हेअरला तो लगेच कळतो आणि मग तुमचा खरा क्लेमही अडकतो. दोन वेळा लागलं, तर क्लेमही दोन.

पत्र्याचा पोचा असेल आणि रंगाला तडा नसेल, तर पुट्टी आणि रंगाशिवाय आतून दाबून तो काढता येतो का, हे आम्ही आधी बघतो. कंपनीचा मूळ रंग वाचला, तर तो वाचवायचाच. म्हणून पोचा स्वतः हातोडीने ठोकू नका, तडा गेला की तो मार्ग बंद.

गाडी शक्यतो सकाळी आणा. रंगाचं शेड उन्हात बघावं लागतं, ट्यूबलाइटखाली मोत्यासारखा पांढरा आणि साधा पांढरा सारखेच दिसतात.